मालगुडीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

'मालगुडी डेज'चं नाव काढलं की पन्नाशीच्या पुढची माणसं आधी ती धून गुणगुणतात आणि मग हमखास म्हणतात, "काय निरागस मालिका होती हो!" झाडाखालची शाळा, नदी, शाळकरी पोरगा स्वामी आणि त्याचे मित्र, आजीच्या गोष्टी. लोकांच्या डोक्यात मालगुडी म्हणजे हेच. आज तुमच्याशी जे बोलणार आहे ते जरा वेगळं आहे. माझ्या मते 'मालगुडी डेज' ही पैशाची मालिका आहे. थोड्या पैशाची, म्हणजे जो महिनाअखेरीला कमी पडतो त्या पैशाची.

गेल्या पावसाळ्यात ही मालिका आमच्याकडे पुन्हा लागली. लागली म्हणजे आम्ही लावली. ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला जाणार, म्हणून माळे रिकामे करायला घेतले आणि डीव्हीडीचा संच हाती आला. गोखले रोडवरच्या एका दुकानातून घेतलेला. ते दुकान आता नाही, तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. भाचा घोडबंदर रोडला राहतो आणि रविवारी आजीला भेटायला येतो. तो म्हणाला, "मामा, हे सगळं फोनवर आहे, उगाच कशाला ती पेटी?" आहे, कबूल. पण फोनवर तो एकटा बघणार, आणि आईला त्या काचेत काही दिसणार नाही. शिवाय तिथे भाग तुकड्यातुकड्यांत, मध्ये जाहिराती, आणि एक संपला की दुसरा आपोआप सुरू. तबकडीचं एक बरं असतं, ती तुम्ही सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

ज्यांच्याकडे अशा तबकड्या असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. पहिली, पुसताना मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल फिरवून नको. सगळी माहिती गोलाकार रेषेत लिहिलेली असते. ओरखडा त्या रेषेला आडवा गेला तर यंत्र सांभाळून घेतं, रेषेच्या दिशेने गेला तर चित्राचे चौकोन पडतात आणि स्वामी बोलता बोलता गोठतो. दुसरी गोष्ट टीव्हीची. त्या काळचं चित्र चारास तीन या मापाचं, जवळजवळ चौकोनी. आताचे टीव्ही सोळास नऊ. टीव्ही आपला शहाणपणा करून ते चित्र दोन्ही बाजूंना ताणतो आणि मालगुडीतली सगळी माणसं गुटगुटीत दिसायला लागतात. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "हा पोरगा एवढा जाड कधी होता रे?" रिमोटवर चित्राचं माप बदलायची सोय असते, ती शोधा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या. आणि फार जवळ बसू नका. आपल्याकडच्या जुन्या प्रसारणाच्या 'पाल' (PAL) पद्धतीत चित्राच्या ओळी ५७६, आणि नव्या फोर-के टीव्हीला २१६०. उरलेल्या ओळी टीव्ही अंदाजाने भरतो, त्यामुळे जवळून चेहरे पुसट वाटतात.

तर आता मालिकेकडे येऊ. १९८६-८७च्या सुमाराला ती दूरदर्शनवर आली. कथा आर. के. नारायण यांच्या, शीर्षकाची रेखाचित्रं त्यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची, संगीत एल. वैद्यनाथन यांचं आणि दिग्दर्शन शंकर नाग यांचं. शंकर नाग आपल्याला परके नाहीत. कन्नड चित्रपटांत मोठं नाव होण्याआधी ते मुंबईत रंगभूमीवर वावरले आणि चापेकर बंधूंवरच्या '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा हात होता. स्वामीच्या कडक वडिलांच्या भूमिकेत गिरीश कार्नाड. त्यांचा जन्म तर आपल्या माथेरानचा. आणि मालगुडी नावाचं गाव नकाशावर नाही. चित्रीकरण झालं ते कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे गावात, जिथे पाऊस कोसळतो म्हणजे खरोखर कोसळतो. शंकर नाग १९९० साली मोटार अपघातात गेले. वय अवघं पस्तीस.

मी तेव्हा आठवीत होतो. त्या वयात स्वामी दिसतो, क्रिकेट दिसतं, परीक्षेची भीती दिसते. बाकीच्या कथा मी पाहिल्या होत्या, पण त्यांतली मोठी माणसं सारखी पैसे का मोजत असतात हे कळायचं ते वय नव्हतं.

आता उदाहरण घ्या महिना पंचेचाळीस रुपयांच्या कथेचं. वेंकट राव नावाचा कारकून. सकाळी त्याने मुलीला, शांताला, सिनेमाला न्यायचं कबूल केलंय. पोरगी शाळेत जिवाचा आटापिटा करून लवकर घरी येते, नवा फ्रॉक घालते, पावडर लावते आणि वाट बघत बसते. इकडे साहेब सोडत नाही. वेंकट रावचं डोकं फिरतं, तो राजीनामा लिहितो. चाळीस रुपयांत तुम्ही मला विकत घेतलंत असं समजता काय, अशा आवेशात. कागद साहेबाच्या टेबलावर जातो आणि त्याच वेळी त्याला कळतं की पाच रुपये पगारवाढीची शिफारस झालेली आहे. तो राजीनामा झडप घालून परत घेतो. घरी पोचतो तेव्हा मुलगी त्याच कपड्यांत झोपलेली असते. आणि तो बायकोला सांगतो, आता हिला कधी बाहेर नेता येईल असं वाटत नाही. का? तर पगार वाढवतायत.

कथा इथे संपते. मी रिमोट हातात धरून बसलो होतो. पगार वाढला म्हणून रडणारा माणूस आठवीतल्या मुलाला कळणं शक्य नव्हतं. यात साहेब दुष्ट नाही बरं का. दुष्ट असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो पाच रुपये वाढवतो आणि वेंकट रावची एकुलती एक संध्याकाळ कायमची विकत घेतो.

आमचे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या कचेरीत कारकून होते. नौपाड्यातून तीन हात नाक्यावरून सायकलने जायचे. मल्हार टॉकीजला नेतो, असं ते शनिवारी म्हणायचे आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चुकूनही म्हणायचे नाहीत. ही कथा संपल्यावर आई एवढंच म्हणाली, "ओव्हरटाइमचे पैसे वेगळे मिळायचे तुझ्या बाबांना. याला तेही नाहीत." तिने लगेच हिशेब मांडला होता. चाळीस रुपयांत भाडं किती, दूध किती. नारायण यांच्या मूळ कथा बऱ्याच जुन्या, इंग्रजांच्या काळातल्या. आकडे त्या काळचे. पण आईला त्याची अडचण आली नाही, तिने फक्त रकमा बदलल्या.

मग ती रोड रोलरची गोष्ट. गावात जत्रेसारखा खेळ येतो, तिकिटांची सोडत निघते आणि आपल्या माणसाला बक्षीस लागतं ते रस्ता दाबायचं इंजिन! लोक टाळ्या वाजवतात. पण घेऊन जायचं कुठे? मैदानात पडून राहिलं तर नगरपालिका महिना दहा रुपये भाडं लावते. हलवायचं तर देवळातला हत्ती भाड्याने घ्या, पन्नास मजूर लावा, वर नोकरीवरून काढलेला एक ड्रायव्हर गाठा. एवढं करून ते दुसऱ्याच्या कुंपणाची भिंत पाडतं, म्हणजे आता तिची भरपाई. लहानपणी हत्ती इंजिन ओढतोय म्हणून आम्ही लोळून हसलो होतो. आता बघताना भाच्याने मध्येच विचारलं, "पण हे त्याला नको म्हणता येत नव्हतं का?" चांगला प्रश्न आहे. ठाण्यात सोडतीत घर लागलेल्या माणसाला विचारा. लागल्याचा आनंद एक दिवसाचा, मग कागदपत्रं, शुल्क, हप्ते. शेवटी भूकंप होतो, इंजिन एका विहिरीच्या तोंडात बुचासारखं बसतं आणि विहिरीचा मालक खूश होतो, कारण ती घाण विहीर बुजवा म्हणून नगरपालिका त्याच्या मागे लागलेली होती! नगरपालिकेतूनच संकट आणि तिच्यातूनच सुटका. हे नारायण यांनाच सुचू जाणे.

सगळ्यात जास्त वाद झाला तो पोस्टमनच्या गोष्टीवरून. थानप्पा पोस्टमन. प्रत्येकाच्या घरी बसणार, पत्र वाचून दाखवणार, उत्तरात काय लिहावं तेही सांगणार. रामानुजम यांच्या मुलीचं लग्न ठरायला त्याचाच हातभार. मुहूर्त एकच, तो चुकला तर मुलगा शिकायला जाणार आणि लग्न तीन वर्षं लांबणार. नेमकं त्याच वेळी काका अत्यवस्थ असल्याचं पत्र येतं, आणि पाठोपाठ ते गेल्याची तार. थानप्पा दोन्ही दाबून ठेवतो. लग्न थाटात लागतं. मग तो कागद घेऊन येतो आणि म्हणतो, तक्रार करायची असेल तर करा, नोकरी जाईल माझी, गुन्हाच आहे हा.

आई म्हणाली, "बरोबर केलं त्याने. गेलेला माणूस काय परत येणार होता? सुतकात लग्न अडलं असतं, केलेला खर्च पाण्यात." बहीण बँकेत आहे. ती म्हणाली, "अगं आई, दुसऱ्याचं टपाल आहे ते! उद्या मी कुणाचा चेक आठवडाभर ड्रॉवरमध्ये ठेवला तर?" आई म्हणाली, "तू मुलीच्या लग्नासाठी ठेवशील का? मग कशाला सांगतेस." मेहुणे म्हणाले, रामानुजमना शेवटचं भेटायला जायचं असेल तर? तो हक्क पोस्टमनने कसा घेतला? इथे खोलीत शांतता झाली, कारण याचं उत्तर आईकडेही नव्हतं. मला विचाराल तर दिग्दर्शकाचं मोठेपण इथेच आहे. थानप्पाला तो शाबासकी देत नाही आणि शिक्षाही देत नाही. आजच्या मालिकेत हाच प्रसंग तीन वेळा तीन बाजूंनी दाखवून वर ढोल बडवले असते. इथे माणूस कागद पुढे करतो आणि उभा राहतो.

एक भाग मात्र मला झेपला नाही, तो लीलाचा. छोट्या लीलाला सांभाळायला सिद्दा नावाचा गडी ठेवलाय. महिना चार रुपये आणि दोन वेळचं जेवण. दोघांची गट्टी जमते. लीलाची सोन्याची साखळी हरवते, संशय त्याच्यावर. पोलीस सांगतात, हा आधीही तुरुंगात जाऊन आलाय. मग साखळी सापडते चिंचेच्या भांड्यात, लीलानेच टाकलेली. आणि वडील काय म्हणतात? काही असो, असल्या गुन्हेगाराला घरात ठेवता आलंच नसतं. बस. एवढं बोलून माणूस मोकळा. आमच्याकडे त्यावर कुणी काही बोललं नाही. आपल्या सोसायट्यांत काहीही हरवलं की पहिलं नाव कुणाचं घेतलं जातं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणून म्हणतो, निरागस वगैरे शब्द जपून वापरावेत.

जाता जाता आणखी एक. हे सगळं आपल्याला आज पाहता येतंय कारण ते नीट जपलं गेलं. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दिवसांत टेपा महाग होत्या. एक कार्यक्रम झाला की त्याच टेपेवर दुसरा चढायचा. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या 'चिमणराव'चे आज फार थोडे भाग पाहायला मिळतात. ज्या मालिकेसाठी शेजाऱ्यांच्या घरात दाटीवाटीने बसलो, ती आता बरीचशी सांगोवांगीच उरली. तेव्हा घरात असे संच असतील तर पुनर्विकासाच्या नादात भंगारवाल्याला देऊ नका. प्लेअर बंद पडला असेल तर संगणकाला जोडायचा ड्राइव्ह अजून मिळतो.

आमच्याकडे नियम असा ठरलाय की रविवारी दुपारच्या जेवणानंतर एकच कथा. भाच्याला तीन-चार सलग हवे असतात. मी देत नाही. थानप्पावर आई आणि बहीण आठवडाभर फोनवर भांडल्या, ते दुसरा भाग लगेच सुरू केला असता तर झालं नसतं.

आता पाळी आहे मिठाईवाल्याची. जगन, पक्का गांधीवादी, हाताने सूत कातणारा, गल्ल्यावर बसून गीता वाचणारा. संध्याकाळी सहापर्यंतची विक्री तो वहीत लिहितो, सहानंतरची रोकड वेगळ्या डब्यात टाकतो, आणि त्या डब्याचा पत्ता सरकारला नसतो. ही कथा एका भागात संपत नाही, बरेच रविवार चालेल. मेहुणे करसल्लागार आहेत. ते म्हणाले, "मी येतो, पण त्या डब्याबद्दल मला काही विचारायचं नाही." आईने आत्ताच चार प्रश्न तयार ठेवलेत.

नमस्कार.