पगारी खेळाडू : सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज, १८६९

[दृश्य : संघाचा फोटो. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकतो.]

दहा माणसं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराचा हा बेसबॉल संघ. अंगात पांढरे फ्लॅनेलचे सदरे, छातीवर जुन्या वळणाचं लाल ‘सी’. विजार गुडघ्यापाशीच संपते आणि खाली लाल मोजे दिसतात. त्या काळी बाकीचे संघ घोट्यापर्यंत विजारी घालून खेळायचे. पोटऱ्या दाखवणारा हा पोशाख सिनसिनाटीने आणला आणि संघाला नाव मिळालं ते मोज्यांवरून. रेड स्टॉकिंग्ज, म्हणजे लाल मोजे.

न्यूयॉर्कमधल्या पेक अँड स्नायडर या खेळसाहित्य विकणाऱ्या दुकानाने या संघाचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला, मागे आपली जाहिरात छापली आणि वाटला. बेसबॉलच्या पहिल्यावहिल्या कार्डांमध्ये त्याची गणना होते.

या फोटोतला दाढीवाला नीट पाहून ठेवा. हॅरी राइट. कप्तान, आणि आजच्या भाषेत व्यवस्थापक, प्रशिक्षक, कारकून, सगळं तोच.

[दृश्य : पगाराचा तक्ता. एकेक नाव उजळत जातं.]

आणि हा तक्ता. आमच्या मते या कथेचा खरा नायक हाच.

जॉर्ज राइट, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक (बेस म्हणजे धाव घेताना गाठायचे टप्पे), १४०० डॉलर. हॅरी राइट, १२००. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एसा ब्रेनर्ड, ११००. तिसऱ्या बेसवरचा फ्रेड वॉटरमन, १०००. त्यानंतर पाच जणांना प्रत्येकी ८०० : गूल्ड, स्वेझी, लेनर्ड, मॅकव्हे आणि कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, ॲलिसन. राखीव खेळाडू हर्ली, ६००. बेरीज ९३०० डॉलर. मुदत १५ मार्च ते १५ नोव्हेंबर.

जॉर्ज हा हॅरीचा धाकटा भाऊ. थोरल्यापेक्षा, आणि तेही कप्तानापेक्षा, त्याचा पगार जास्त. दोघांत त्यावरून कुरबूर झाल्याची नोंद नाही. जॉर्जचा खेळ पाहिलेल्या कुणालाही हा आकडा जास्त वाटला नसता.

पैसे घेऊन खेळणारे हे पहिले नव्हेत. पैसे आधीपासून मिळत होते, पण टेबलाखालून. न्यूयॉर्कच्या म्युच्युअल क्लबचे खेळाडू शहराच्या सरकारी खात्यांच्या हजेरीपटावर असत. याच जॉर्ज राइटचं १८६७ सालचं उदाहरण घ्या. तो तेव्हा वॉशिंग्टनच्या नॅशनल्स संघात होता आणि कागदोपत्री कारकून होता. कचेरीचा पत्ता, २३८ पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू. त्या पत्त्यावर गेलात तर कचेरी नव्हती, सार्वजनिक बाग होती!

बँकेच्या किंवा रेल्वेच्या नोकरीवर कबड्डी खेळलेल्या माणसांना या गोष्टीचं हसू येईल, नवल वाटणार नाही.

१८६८ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या क्लबांच्या संघटनेने व्यावसायिक खेळाडूंचा वेगळा वर्ग मान्य केला. सिनसिनाटी क्लबचा अध्यक्ष ॲरन चॅम्पियन वकील होता. त्याने आणि हॅरीने ठरवलं की आता लपवाछपवी पुरे. सगळ्यांना पगार, आणि तो उघड.

[दृश्य : जुनं कोरीवचित्र. हॅट बनवणारे कारागीर, संगमरवर घडवणारे हात.]

हे दहा जण कोण होते? स्वेझी आणि लेनर्ड हॅट बनवणारे. ॲलिसन संगमरवराचा कारागीर. मॅकव्हे पियानो तयार करणारा. गूल्ड हिशेबनीस, आणि सिनसिनाटीचा अस्सल रहिवासी असा तो एकटाच. जॉर्ज कोरीवकाम करायचा, हॅरी जवाहिऱ्याचं.

हॅरीचं पहिलं प्रेम मात्र क्रिकेट. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, वडील सॅम्युअल राइट न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबचे व्यावसायिक क्रिकेटपटू. हॅरी सिनसिनाटीला आला तोही तिथल्या युनियन क्रिकेट क्लबचा पगारी खेळाडू म्हणून. मैदानावर खेळून पगार घेण्यात कमीपणा आहे, हे त्याला घरात कधी कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून हा हिशेब त्याला जमला, असं आम्हाला वाटतं.

[दृश्य : सरावाचं पुनर्नाट्य. हात, चेंडू, पुन्हा हात.]

हे हात बघा. ग्लोव्ह नाहीत. कॅचरसुद्धा उघड्या हातांनी उभा. पिचर ४५ फुटांवरून, हात कमरेखाली ठेवून चेंडू टाकतो. फलंदाजाला चेंडू उंच हवा की खाली, हे तो मागून घेऊ शकतो. फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेलेला चेंडू एका टप्प्यावर झेलला तरी फलंदाज बाद. अशा नियमांत धावा ढिगाने व्हायच्या. एका संघाने चाळीस केल्या तरी कुणी डोळे विस्फारत नसे.

हॅरीने इथे क्रिकेटची शिस्त आणली. एक जण चेंडूवर धावला की दुसऱ्याने त्याच्या मागे उभं राहायचं. हातून सुटला तरी बेस सुटता कामा नये. फलंदाज बघून क्षेत्ररक्षण हलवायचं. झेलासाठी कुणी ओरडायचं ते आधीच ठरलेलं. ब्रेनर्डचा वेग फलंदाजांच्या सवयीचा झाला की हॅरी मधल्या मैदानातून स्वतः पुढे येई आणि संथ चेंडू टाकून त्यांची लय मोडी. हे सगळं घोटून घ्यायला वेळ लागतो. दिवसभर हॅट बनवणाऱ्याकडे तो नसतो. पगाराने या माणसांना सकाळ विकत घेऊन दिली.

[दृश्य : रेल्वेचं इंजीन, धूर. नकाशावर लाल रेघ.]

मोसमाचा पहिला मोठा सामना ४ मेला, घरच्या मैदानावर. सिनसिनाटी ४५, ग्रेट वेस्टर्न्स ९. मेअखेरीस संघ पूर्वेकडे निघाला. यलो स्प्रिंग्जला पावसाने सामनाच होऊ दिला नाही. सिराक्यूजला पोहोचले तर मैदानात गवत वाढलेलं, कुंपण मोडलेलं आणि तिथे कबुतरांच्या नेमबाजीची स्पर्धा चाललेली. प्रेक्षक नाहीत म्हणजे तिकिटं नाहीत, आणि तिकिटं नाहीत म्हणजे पुढच्या गावाचं भाडं कुठून द्यायचं, हा प्रश्न.

संघासोबत ‘सिनसिनाटी कमर्शियल’ या वृत्तपत्राचा बातमीदार हॅरी मिलर होता. गावोगावहून तो मजकूर धाडायचा. सिनसिनाटीत गिब्सन हाउस हॉटेलसमोर लोक तारेची वाट पाहत गर्दी करायचे.

१५ जून, ब्रुकलिन. समोर म्युच्युअल. नवव्या डावात २-२ अशी बरोबरी. अखेर सिनसिनाटी ४, म्युच्युअल २. चाळीस-पन्नास धावांच्या त्या जमान्यात दोन्ही संघांच्या मिळून फक्त सहा! बेसबॉल इतका नेमका खेळता येतो हे न्यूयॉर्कच्या जाणकारांनी त्या दिवशी पाहिलं. दुसऱ्या दिवशी अटलांटिक्स, ३२-१०. तिसऱ्या दिवशी एकफर्ड्स, २४-५. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी संघाला भेटीला बोलावलं.

१ जुलैला संघ परतला तेव्हाचं हे चित्र.

[दृश्य : मिरवणुकीचं रेखाचित्र. निवेदन थांबतं, बँडचा आवाज.]

एका लाकूड कंपनीने दिलेली ही भेट. बॅट. लांबी २७ फूट, वर खेळाडूंची नावं.

[दृश्य : ट्रॉय सामन्याची धावपत्रिका.]

२६ ऑगस्टला एकच डाग लागला. ट्रॉयचे हेमेकर्स, १७-१७ अशी बरोबरी, सहाव्या डावाची सुरुवात. मॅकव्हेच्या बॅटची कड घेतलेला चेंडू आपण झेलला, असं ट्रॉयचा कॅचर क्रेव्हर म्हणाला. पंचाने मानलं नाही. ट्रॉयच्या अध्यक्षाने संघच मैदानाबाहेर नेला. या सामन्यावर जबर पैजा लागल्या होत्या, आणि हरण्यापेक्षा खेळ मोडलेला बरा असा हिशेब झाला, असं तेव्हाही बोललं गेलं. पंचाने सामना सिनसिनाटीला दिला. कुणी तो विजय धरतात, कुणी बरोबरी.

[दृश्य : प्रॉमॉन्टरी, युटा. दोन इंजिनं समोरासमोर.]

हा फोटो १० मे १८६९ चा. पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ इथे जुळले. चारच महिन्यांनी, सप्टेंबरात, रेड स्टॉकिंग्ज याच मार्गाने कॅलिफोर्नियाला गेले. सान फ्रान्सिस्कोत त्यांनी यजमानांना ३५-४ असं हरवलं. रेल्वे नसती तर या प्रवासातच मोसम संपला असता.

६ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर पुन्हा म्युच्युअल. १७-८. वर्ष संपलं. नोंद ५७ सामने, ५७ विजय. जॉर्जचे ४९ होमरन, म्हणजे एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून काढलेली धाव.

[दृश्य : हिशेबाची वही.]

क्लबची वर्षाची जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट. खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. नफा एक डॉलर एकोणचाळीस सेंट. या आकड्यावर लोक हसतात. आम्ही हसत नाही. दहा घरं चालली, देश ओलांडून दौरा झाला आणि कर्ज राहिलं नाही.

फोटोतले दहाही गोरे आहेत. कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना दार बंद करण्याचा ठराव क्लबांच्या त्याच संघटनेने १८६७ मध्ये केला होता.

[दृश्य : ब्रुकलिनचं कॅपिटोलिन मैदान, रेखाचित्र.]

८० हून अधिक सामने न हरता गेल्यावर, १४ जून १८७० ला अटलांटिक्सने ८-७ असं हरवलं. नऊ डावांनंतर ५-५ झालेलं असताना अटलांटिक्स बरोबरीवर खूश होते. हॅरीनेच पुढे खेळायचा आग्रह धरला. अकराव्या डावात सामना गेला. मग गर्दी आटली, भागधारक कुरकुरले आणि वर्षाअखेर क्लबने पगारी संघ बंद केला.

हॅरी बॉस्टनला गेला. जॉर्ज, गूल्ड आणि मॅकव्हे त्याच्यासोबत, नावही तेच, रेड स्टॉकिंग्ज. १८७२ ते १८७५ अशी सलग चार विजेतेपदं बॉस्टनला मिळाली. तोच क्लब पुढे मिलवॉकीमार्गे अटलांटात पोहोचला, आज त्याला ब्रेव्ह्ज म्हणतात. सिनसिनाटीचे आजचे रेड्स १८८१ साली नव्याने उभ्या राहिलेल्या क्लबमधून आले. शहर मात्र मिरवतं ते १८६९ सालच.