सहा दिवसांत पाच सामने: सेवानीचा १८९९ चा हंगाम

नमस्कार मंडळी!

(वही कॅमेऱ्यासमोर धरून) हे वेळापत्रक मी स्वतः वहीत उतरवून घेतलंय. गुरुवार, ऑस्टिन. शुक्रवार, ह्यूस्टन. शनिवार, न्यू ऑर्लिन्स. रविवार सुट्टी. सोमवार, बॅटन रूज. मंगळवार, मेंफिस. पाच गावं, पाच सामने. आणि आता हा शेवटचा रकाना बघा, समोरच्या संघाचे गुण. शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य.

साल १८९९, महिना नोव्हेंबर, खेळ अमेरिकन फुटबॉल. संघ कुठला? टेनेसी राज्यात कंबरलँड पठारावर एक छोटं कॉलेज आहे. कागदोपत्री नाव 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ', पण सगळे गावाच्याच नावानं ओळखतात, सेवानी. समोर कोण होतं? टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टुलेन, लुइझियाना स्टेट आणि मिसिसिपी. यातली बरीच नावं आज कॉलेज फुटबॉलमधली बडी घराणी आहेत.

त्या काळचा खेळ कसा होता ते आधी समजून घ्या, म्हणजे त्या शून्यांचं वजन कळेल. टीव्हीवर आपण बघतो तो लांब पुढे फेकलेला पास तेव्हा नियमातच नव्हता, तो आला १९०६ साली. मग चेंडू पुढे न्यायचा कसा? छातीशी घट्ट धरायचा आणि माणसांच्या भिंतीत घुसायचं. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव, अंगावर संरक्षण नावापुरतं. आणि सगळ्यात कठीण नियम म्हणजे, एकदा मैदानाबाहेर गेलात की त्या सामन्यात परत यायचं नाही. त्यामुळे दुखलं-खुपलं तरी पोरं बाहेर जायला तयार नसत. तेच अकरा जण आक्रमण करणार, तेच बचाव करणार.

आता असला दौरा कुणी शहाणा माणूस आखेल का? सेवानीनं आखला, आणि त्याचं कारण आहे पैसा. शेजारच्या व्हँडरबिल्टशी तिकीटविक्रीच्या वाटणीवरून बिनसलं आणि त्या वर्षी त्यांच्याशी सामनाच ठरला नाही. मोठं उत्पन्न बुडालं. ते भरून काढायची जबाबदारी संघाच्या व्यवस्थापकावर आली. ल्यूक ली, हाही विद्यार्थीच, वय वर्षं वीस! त्यानं एकामागून एक सामने ठरवले, ते रेल्वेच्या वेळांशी जुळवले आणि जवळजवळ चार हजार किलोमीटरचा दौरा उभा केला. हाच ल्यूक ली पुढे टेनेसीचा सिनेटर झाला. या हंगामाची गोष्ट सांगताना लोक कर्णधार हेन्री सायबल्सचं नाव आधी घेतात. मी मात्र पहिलं नाव या मुलाचं घेईन.

२१ खेळाडू घेऊन गाडी निघाली. सोबत पिण्याच्या पाण्याची पिंपं होती, सेवानीच्या झऱ्याचं पाणी भरून घेतलेली. परगावच्या पाण्यानं एकाचं जरी पोट बिघडलं तरी परवडणारं नव्हतं. खेळायचे बूटच फलाटावर राहिले आणि मागाहून दुसऱ्या गाडीनं पाठवावे लागले, असंही सांगतात.

ऑस्टिनला टेक्ससविरुद्ध १२-०. याच सामन्यात सायबल्सचं डोकं फुटलं, तरी पट्टी लावून तो खेळत राहिला असं म्हणतात. तिथून गाडीत बसायचं, दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनमध्ये ए अँड एमविरुद्ध उतरायचं. १०-०. पुन्हा गाडी, रात्रभर प्रवास, आणि न्यू ऑर्लिन्सला टुलेनविरुद्ध २३-०. तीन दिवसांत तीन शहरं! घामेजलेले कपडे वाळायला तरी वेळ मिळाला असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ठेच लागून सुजलेला अंगठा, ठणकणारा खांदा, आणि झोप कुठे, तर धावत्या गाडीच्या डब्यात.

रविवारी विश्रांती. कॉलेज म्हणजे एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाच्या चर्चची संस्था, रविवारी खेळण्याचा प्रश्नच नव्हता. सोमवारी लुइझियाना स्टेटला ३४-०, मंगळवारी मेंफिसमध्ये मिसिसिपीला १२-०. एकूण बेरीज ९१-०.

पण थांबा. माझ्या मते या हंगामातला खरा कसोटीचा सामना या सहा दिवसांतला नाहीच. तो आहे ३० नोव्हेंबरचा, माँटगोमेरीत, ऑबर्नविरुद्ध. ऑबर्नचा प्रशिक्षक जॉन हाइझमन. कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मानाचा करंडक आज ज्याच्या नावानं देतात, तोच. त्याचा संघ चपळ, श्वास घ्यायला उसंत न देणारा. संपूर्ण हंगामात सेवानीविरुद्ध गुण मिळवले ते फक्त ऑबर्ननं, तब्बल दहा. टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला, तेव्हा पाच गुण होते आणि त्यानंतरच्या किकला एक. निकाल लागला ११-१०. त्या एका गुणानं सेवानीचा हंगाम वाचला. पंचगिरीवर हाइझमन इतका नाराज झाला की त्यानं वर्तमानपत्राला पत्र लिहून जाहीर तक्रार केली.

आणि लगेच दोन दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाशी गाठ. ५-०. हंगाम संपला. बारा सामने, बारा विजय, ३२२ विरुद्ध १०.

पुढचं ऐका, कारण तेही याच कॉलेजचं आहे. १९३२ साली दक्षिणेतल्या मोठ्या संघांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या कॉलेजांची संघटना, स्थापन केली, तेव्हा सेवानी संस्थापक सभासदांत होतं. पण बाकीची विद्यापीठं वाढत गेली आणि हे डोंगरावरचं कॉलेज छोटंच राहिलं. कॉन्फरन्समधले ३७ सामने खेळले, ३७ हरले. १९४० साली ते बाहेर पडले.

फुटबॉल मात्र त्यांनी सोडला नाही. आज सेवानी तिसऱ्या विभागात खेळतं, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. पोरं सकाळी वर्गात बसतात आणि दुपारी पॅड चढवून त्याच डोंगरमाथ्यावर सरावाला जातात.