टोपलीतली परकी अंडी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या या कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, सकाळी खुराड्याचे दार उघडले की दहा कोंबड्या आणि एक कोंबडा बाहेर पडतात, आणि त्यांतल्या कुठल्याही दोघींची पिसे एकसारखी नसतात. या गावठी पक्ष्यांचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा; पायांच्या पिवळ्या कातडीचा जनुक मात्र राखी रानकोंबड्याकडून आला असावा, असे २००८ सालच्या एका संशोधनातून पुढे आले. तो राखी रानकोंबडा मोले आणि नेत्रावळीच्या रानात आजही पहाटे आरवतो.

पिसांच्या रंगावरून जनुकीय विविधतेचा अंदाज बांधणे फसवे ठरते, कारण रंग हा मोजक्याच जनुकांचा खेळ असतो. म्हणून पंखाखालच्या शिरेतून रक्ताचे काही थेंब घेऊन डीएनएमधील मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे तीच ती दोन-चार अक्षरे पुन्हा पुन्हा येणाऱ्या जागा, तपासल्या जातात. आईकडून आलेल्या आणि बापाकडून आलेल्या प्रतींत ही आवर्तने कमी-जास्त असली, तर तो पक्षी त्या जागी विषमयुग्मजी समजला जातो.

गफलत होते ती इथे. दोन दूरच्या वाणांच्या संकरातून जन्मलेल्या पक्ष्यांत विषमयुग्मजींचे प्रमाण स्वाभाविकपणेच जास्त भरते, आणि त्यावरून संकरित कळपच अधिक समृद्ध आहे असा समज होतो. वास्तविक तो आकडा मिश्रणाचा असतो, साठ्याचा नव्हे. त्याच पक्ष्यांची आपसांत पैदास केली, तर संकराने मिळालेली ही वाढ पुढच्याच पिढीत निम्म्यावर येते, आणि अंगाने थोराड म्हणून संकरित कोंबडा पैदाशीला राखून गावठी कोंबडा शाकुतीसाठी कापला गेला, तर त्याच्याबरोबर गेलेले जनुक त्या वाड्यावर परत येत नाहीत.

गावठी कळपही मुळात धोक्यात असतोच. दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा असेल, तर पैदाशीच्या हिशेबाने त्या अकरा पक्ष्यांची परिणामकारक संख्या, म्हणजे जनुके पुढे नेण्याच्या दृष्टीने कळप किती पक्ष्यांइतका ठरतो तो आकडा, जेमतेम ३.६ भरते, कोंबडे तीन ठेवले तर ती नवाच्या वर जाते. पण तीन कोंबडे एका अंगणात नांदवणे म्हणजे काय, हे ज्याने त्यांची झुंज सोडवली आहे त्यालाच विचारावे.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी विकसित केलेली संकरित ‘वनराजा’ गावठी कोंबडीपेक्षा कितीतरी अधिक अंडी देते, यात वाद नाही. मात्र खुडूक बसलेली कोंबडी अंडी देणे थांबवते, त्यामुळे अधिक अंड्यांसाठी केलेल्या निवडीत उबवण्याची ही उपजत वृत्ती मागे पडत गेली, आणि वनराजा सहसा खुडूक बसत नाही.

माजघराच्या कोपऱ्यातल्या या टोपलीत, पेंढ्यावर पंख पसरून बसलेली करड्या ठिपक्यांची कोंबडी गावठी आहे. हात जवळ नेताच ती पिसे फुलवून टोच मारते. तिच्या पोटाखालची तपकिरी, थोराड अंडी वनराजाची आहेत आणि आज त्यांचा एकोणिसावा दिवस आहे.