दुखणं किती वाजता सुरू झालं?

बसा बसा, पुढे जागा आहे. लाईट मुद्दाम कमी करायला सांगितलेत, इथे अर्धशिशीवाले, म्हणजे मायग्रेनवाले, बरेच दिसतायत. ज्यांना पहाटे डोकं दुखूनच जाग येते त्यांनी जरा हात वर करा बघू... बघा, किती जण आहेत.

माझ्या मोठ्या बहिणीचं सांगते. पहाटे पाचला उठायची तेव्हा दुखणं पूर्ण भरात, डावा डोळा उघडवत नाही, खिडकीचा पडदा हलला तरी मळमळ. डॉक्टर विचारायचे कुठल्या बाजूला दुखतं, दहापैकी किती, उलटी होते का, आणि शेवटी ठरलेलं, टेन्शन घेऊ नका. किती वाजता, हे कोणी विचारलंच नाही. मग ती स्वतःच वहीत वेळ लिहायला लागली, आदल्या संध्याकाळी काय होतं तेही, सारख्या जांभया, मान आखडलेली, उगाच चिडचिड. ती वही घेऊन गेली तर डॉक्टरांनी दोन पानं उलटली आणि बाजूला ठेवली. मला त्याचा अजून राग येतो, कारण आजाराची अर्धी गोष्ट त्या पानांवर होती. जांभया म्हणजे अटॅक सुरू झालेलाच असतो हो, दुखणं नंतर येतं, कधी कधी दुसऱ्या दिवशी!

दहाच मिनिटं राहिलीत म्हणतायत, म्हणजे मुख्य विषय, मायग्रेन आणि शरीराचं घड्याळ, आता भराभर घ्यावा लागणार.

मेंदूत हायपोथॅलॅमस असतो, त्यात साधारण 20 हजार पेशींचा एक पुंजका शरीराचं घड्याळ चालवतो. झोप, कॉर्टिसोल-मेलाटोनिनसारखी हार्मोन्स, सगळं त्याच्या तालावर. दुखणं सुरू व्हायच्या आधीच हायपोथॅलॅमसची हालचाल वाढलेली स्कॅनमध्ये दिसलीय, जांभया येतात त्याचा धागा इथेच असावा. 2013 मध्ये काही कुटुंबांत एकाच जीनमधला बिघाड सापडला, त्यांना मायग्रेनही होता आणि झोपायची-उठायची वेळही फार लवकरची होती.

आता नेमकी वेळ कुठली? 1998 च्या एका अभ्यासात निम्म्याच्या जवळपास अटॅक पहाटे 4 ते सकाळी 9 मधले निघाले. 2023 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर रात्री 11 ते सकाळी 7 मध्ये सगळ्यात कमी, आणि उशिरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत जास्त! शिवाय ठरावीक वेळ निम्म्याच पेशंटना होती. मला वाटतं झोपेत सुरू झालेल्या अटॅकची खरी वेळ कोणालाच कळत नाही, जाग आल्याची वेळ लिहिली जाते, तिथेच गोंधळ होतो. म्हणून सरासरी सोडा, आपली वेळ शोधा. क्लस्टर डोकेदुखी, म्हणजे एका डोळ्याभोवती येणाऱ्या जबर कळा, वेगळी, ती घड्याळाची जास्त पक्की, बऱ्याचदा रात्री झोप लागल्यावर तासा-दोन तासांत उठवते.

ट्रिप्टान, म्हणजे मायग्रेनचा अटॅक थांबवायचं औषध, त्याची गोळी दुखणं कमी असताना घेतली तर जास्त चालते, पण पहाटेवाल्यांना ती वेळच मिळत नाही. त्यात अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, गोळी तशीच पडून राहते, म्हणून नाकातला स्प्रे किंवा इंजेक्शन चालेल का ते डॉक्टरांना विचारा. महिन्यात दहा दिवस किंवा जास्त ट्रिप्टान घेत राहिलात तर औषधानेच डोकं दुखायला लागू शकतं. आणि घोरणं असेल, किंवा पन्नाशीनंतर हे नव्यानेच सुरू झालं असेल, तर मायग्रेनच आहे असं धरून बसू नका, तपासून घ्या.

हं, विचारा, मागच्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे.