पार्कात लाइट वाढवले की प्रश्न सुटला? अजिबात नाही!

नमस्कार मंडळी! तुम्ही सतत विचारताय म्हणून आज बोलतेच, की बाग तर सगळ्यांची, मग ती बायकांना वेगळी आणि पुरुषांना वेगळी कशी काय वाटते? झाडं, हवा, शांतता दोघांनाही हवी असते, त्यात वादच नाही, पुढे जाऊ.

बरेच पुरुष बागेत जातात पळायला, खेळायला, नाहीतर एकटेच बाकावर निवांत बसायला. बायकांसोबत बऱ्याचदा कुणीतरी असतं, लहान मूल, सासूबाई, मैत्रीण, मग सावलीतला बाक लागतो, स्वच्छ टॉयलेट लागतं. आणि एकटी गेली की डोकं सारखं चालू, मागून कोण येतंय, इथून पटकन निघता येईल का. मी तर एकाच कानात इअरफोन घालते, दुसरा कान मोकळा ठेवते.

मग कमेंट येते, "लाइट लावा, झालं." अहो नाही होत! झगझगीत फ्लडलाइटखाली उभं राहून बघा, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि पलीकडचं काहीच दिसत नाही, म्हणजे तुम्ही सगळ्यांना दिसता आणि तुम्हाला कुणी दिसत नाही. उजेड सगळीकडे सारखा हवा, समोरच्याचा चेहरा कळेल इतका.

आणि बाहेर पडायला दुसरी वाट हवी! एकच गेट आणि तिथे टोळकं बसलेलं असेल तर बाई आत येतच नाही, आत असेल तर तिथेच अडकते. चारही बाजूंनी जाळी लावलेल्या खेळाच्या कोर्टचंही तेच, एकच दार, आत मोठी मुलं, मुली बाहेरूनच परत. वाटेच्या दोन्ही बाजूंना उंच झुडपं असतील तरी तेच, मध्येच वळायला जागा नाही.

"मुलींना खेळायचंच नसतं" म्हणणाऱ्या दादांसाठी, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नात १९९० च्या दशकात पाहणी झाली, तर साधारण ९ वर्षांच्या वयानंतर बागेत मुली एकदम कमी व्हायच्या, मुलगे मात्र तेवढे नाही. मग १९९९ पासून आइनझिडलर पार्कसारख्या बागा बदलल्या, पायवाटा वाढवल्या, मोठ्या मैदानाचे छोटे भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, आणि मुली परत खेळायला लागल्या. मुली त्याच होत्या हो, बाग बदलली!

आता तुम्ही सांगा, तुमच्या बागेला गेटं किती, आणि अंधार पडल्यावर तिथे एकटी बाई बसलेली दिसते का? दादांनो, तुम्हीही बघून लिहा.