लाकडाच्या रुळावरची गाडी

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते लाकडी रोलर कोस्टरबद्दल, म्हणजे चढ-उताराच्या रुळावरून माणसांना घेऊन धावणाऱ्या मौजेच्या गाडीबद्दल. आपल्या मुंबईत हा प्रकार नाही. माहीमच्या जत्रेत आकाशपाळणा असतो, मौत का कुआँ असतो. खोपोलीजवळ इमॅजिका या करमणूक उद्यानात २०१३ पासून ‘नायट्रो’ नावाचा कोस्टर धावतोय, पण तो पोलादी. लाकडी कोस्टरची जातच वेगळी. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या रुळांवर गेली, त्यामुळे मला तिच्याविषयी जरा जास्तच जिव्हाळा आहे.

सुरुवात झाली रशियात, बर्फात. सेंट पीटर्सबर्गकडे थंडीत लोक लाकडाचे उंच मचाण बांधायचे, उतारावर पाणी ओतून ते गोठवायचे आणि त्यावरून घसरत खाली यायचे. अठराव्या शतकात सम्राज्ञी कॅथरीनने ओरानिएनबाउमच्या राजवाड्यात उन्हाळ्यासाठी चाकांच्या गाड्यांची घसरगुंडी करून घेतली. पुढे १८१७ साली पॅरिसमध्ये बेलव्हिलला गाडी रुळावरून सुटू नये म्हणून चाकं रुळाशी अडकवण्याची सोय झाली. जाता जाता सांगतो, त्याच १८१७ साली आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ नावाची सागवानी युद्धनौका पाण्यात उतरली. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. नीट निगा राखली तर लाकूड किती टिकतं, हे मुंबईकराला कुणी वेगळं सांगायला नको.

पण आजच्या कोस्टरचा खरा पूर्वज कोळशाची रेल्वे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ साली डोंगरावरच्या खाणीतून नदीपर्यंत सुमारे ९ मैलांचा मार्ग टाकला गेला. इंजिन नाही. भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, उतारावरून स्वतःच्या वजनाने खाली यायच्या, ब्रेकवर एक माणूस. रिकाम्या वाघिणी वर ओढायला खेचरं लागायची, म्हणून ती खेचरंसुद्धा एका वाघिणीत उभी राहून खाली यायची. त्यांना या सवारीची इतकी सवय झाली की पायी उतरायला ती तयारच होईनात, असं सांगतात. १८७२ साली बोगदा झाला, कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला, आणि हा मार्ग सहलीला आलेल्या लोकांसाठी मोकळा झाला. नुसतं उतारावरून खाली यायला लोक तिकीट काढायला लागले!

ही नस ओळखली लामार्कस थॉम्पसन या गृहस्थांनी. मोज्यांच्या कारखानदारीत पैसा मिळवलेला माणूस. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, समुद्राच्या काठी, त्यांनी लाकडी ‘स्विचबॅक रेल्वे’ उभी केली. ६०० फुटांचा मार्ग, वेग ताशी ६ मैल, तिकीट ५ सेंट. एका टोकाला गाडी थांबली की सगळ्यांनी उतरायचं, माणसांनी ती ढकलून वर चढवायची, मग दुसऱ्या रुळावरून परत. तरी रांगा लागल्या. वर्षभरातच कुणी रूळ गोल फिरवून एकत्र जोडला, कुणी गाडी साखळीने वर ओढायची युक्ती काढली.

त्यानंतरचं नाव जॉन मिलर, आणि इथे मला थोडं थांबायचंय. आपली लोकल रुळावर का राहते? चाकाला आतून कड असते आणि गाडीचं वजन तिला खाली दाबून धरतं. कोस्टरमध्ये टेकाडाच्या माथ्यावर नेमकं हे वजनच नाहीसं होतं. गाडी वर उडायला बघते. मिलरने १९१९ साली पेटंट घेतलं ते रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकाचं. म्हणजे एक चाक रुळावर, एक कडेला, एक रुळाच्या पोटाखाली. गाडीने कितीही उसळी मारली तरी रूळ सुटत नाही. हे तिसरं चाक आलं आणि कोस्टर बांधणाऱ्यांचे हात मोकळे झाले. चढ उंच झाले, उतार उभे झाले, आणि १९२० च्या दशकात अमेरिकेत गावोगावी असे कोस्टर उभे राहिले.

त्या काळातला राजा म्हणजे कोनी आयलंडचा ‘सायक्लोन’. २६ जून १९२७ ला सुरू झाला, थॉम्पसनच्या स्विचबॅकच्याच जागेवर. उंची ८५ फूट, म्हणजे साधारण आठ मजली इमारत. रुळाची लांबी २,६४० फूट, बरोबर अर्धा मैल. सांगाडा पोलादाचा आहे, पण रूळ लाकडाचा, आणि कोस्टरची जात रुळावरून ठरते. लाकडाच्या फळ्या एकावर एक थरांनी जोडायच्या आणि वर पोलादाची पट्टी ठोकायची, असा तो रूळ.

मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा हट्टाने तिथे गेलो. भुयारी रेल्वेच्या स्टिलवेल अव्हेन्यू स्टेशनवर उतरलं की खारा वारा लागतो, आणि थोडं चाललं की आधी ऐकू येतो तो खडखडाट, मग किंकाळ्या, मग तो पांढरा सांगाडा दिसतो. तीन डबे, चोवीस माणसं, मांडीवर एक आडवा दांडा. गाडी हलते आणि साखळी धरते. वर जाताना खट्-खट्-खट् असा आवाज येत राहतो. साखळी तुटलीच तर गाडी मागे येऊ नये म्हणून खाली एक खिटी दातऱ्यावरून सरकत असते, तिचा तो आवाज. मला तो फार आश्वासक वाटला. शेजारच्या तरुणाने मात्र डोळे मिटून घेतले होते.

माथ्यावर क्षणभर समोर अटलांटिक दिसतो. मग पुढचा डबा नाहीसा होतो. उतार जवळजवळ ५८ अंशांचा आहे, आणि मी शेवटच्या डब्यात होतो. आपण अजून चढावरच असतो आणि पुढचे दोन डबे आपल्याला खेचून माथ्यावरून भिरकावून देतात. बूड बाकावरून उठतं, पोट कुठेतरी वर राहतं, दांडा मांडीत रुततो. इंजिन कुठेच नाही. २६ मीटर खाली येताना गुरुत्वाकर्षण जेवढा वेग देईल तेवढाच, हिशेबाने ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. पण अंगाखाली लाकूड थरथरत असतं, खांब डोलताना दिसतात, वळणावर शेजारी आपल्या अंगावर येतो नाहीतर आपण त्याच्या, आणि दोन मिनिटांच्या आत सगळं संपतं. खाली उतरल्यावर तोच तरुण माझा हात धरून हसत होता. नाव-गाव काही माहीत नाही, पण त्या वेळी आम्ही जिवाभावाचे झालो होतो.

ही थरथर दोष नव्हे. लाकडी कोस्टर मुद्दाम लवचीक ठेवतात. जो डोलतो तो धक्का पचवतो, जो ताठ उभा राहतो तो तडकतो. आणि लाकूड हवेप्रमाणे बदलतं. आमच्याकडे रेल्वेत रुळाखाली आडवे टाकायचे सिमेंटचे स्लीपर येण्याआधी लाकडी स्लीपर होते. पावसात फुगायचे, उन्हात भेगाळायचे, खिळा सैल व्हायचा. कोस्टरचंही तसंच. सकाळची पहिली फेरी जरा जड जाते. दुपारी चाकांचं वंगण तापलं की तीच गाडी मोकळी सुटते.

म्हणून लाकडी कोस्टरवर रोज सकाळी, फाटक उघडायच्या आधी, माणसं रूळभर पायी चालतात. हातात हातोडा आणि पाना. आपल्या रेल्वेत चावीवाला रोज आपला टापू चालतो, रुळाच्या चाव्या, म्हणजे रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी खुंट्या, ठोकत जातो, तेच हे काम. फरक एवढाच की यांना ८५ फुटांवर, अरुंद फळीवरून चढत जायचं असतं. बोल्ट सैल असेल तर आवळायचा, फळी मऊ पडली असेल तर खूण करायची, खराब तुकडा काढून नवा बसवायचा. चावीवाल्याला सैल चावी आवाजावरून कळते. ठोका बद्द येतो. ही माणसंही कान देऊन चालतात. लाकडी कोस्टर नव्वद-शंभर वर्षं धावतो तो यांच्यामुळे, आणि तिकीट काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मेलबर्नला सेंट किल्डाच्या लूना पार्कमध्ये १९१२ पासून ‘सीनिक रेल्वे’ चालू आहे. तिथे तर गाडीच्या मधोमध एक ब्रेकमन उभा असतो. लोक बसलेले, हा उभा, हातात ब्रेकचा दांडा. गाडी आज किती भरली आहे, लाकूड ओलं आहे की सुकं, वारा कुठून आहे, हे बघून कुठल्या उतारावर किती दाबायचं ते तो ठरवतो. रोजच्या रोज, फेरीगणिक. गाडीवर आणि मार्गावर इतकी पकड असलेला माणूस बघितला की कुणाही रेल्वेवाल्याची मान आदराने लवेल.

सायक्लोन एकदा जाता जाता राहिला. मंदीनंतर अमेरिकेतले कोस्टर एकामागून एक पाडले गेले, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारच्या मत्स्यालयाला जागा हवी म्हणून यालाही पाडायचं घाटत होतं. लोक उठले, ‘सायक्लोन वाचवा’ म्हणून मोहीम झाली, डागडुजी होऊन १९७५ च्या जुलैत तो पुन्हा सुरू झाला. १९८८ साली न्यूयॉर्क शहराने त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला.

तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे असतील, जाणं होणार असेल, आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर दोन फेऱ्यांचे पैसे काढून ठेवा. पहिली फेरी पुढच्या बाकावर, म्हणजे उतार डोळ्यांनी बघता येईल. दुसरी अगदी मागच्या. चष्मा आणि फोन खाली उभ्या असलेल्या माणसाकडे द्या. आणि जमलं तर दुपारनंतर जा, तोवर वंगण तापलेलं असतं.

नमस्कार.