काळं अभ्रक सांगतं, राख कोणत्या तोबाची

[टेबलावर ग्रॅनाइटचा तुटका तुकडा, शेजारी शिवणाची सुई आणि हातभिंग]

नमस्कार मंडळी. ओटा बसवताना कडेचा तुकडा उरतो ना, तो हा. करड्या ग्रॅनाइटचा. यात पांढरे ठिपके आहेत, धुरकट काचेसारखे आहेत आणि हे काळे आहेत. आता मी सुईचं टोक एका काळ्या ठिपक्याच्या कडेला लावते आणि हलकेच वर उचलते. बघा, पापुद्रा सुटला. त्याच्याखाली आणखी एक. नखावर घेऊन वाकवला तर वाकतो, आणि सोडला की परत सरळ होतो.

आता शेजारचा हा ठिपका बघा. तितकाच काळा, पण इथे सुई नुसती घसरते. पापुद्रा नाही की काही नाही. हे हॉर्नब्लेंड, दुसरंच एक काळं खनिज. आणि पापुद्रे सुटले ते काळं अभ्रक. मराठी पुस्तकांत याला कृष्णाभ्रक म्हणतात, भूशास्त्राच्या वर्गात बायोटाइट. जुन्या इस्त्रीत असायचं ते पारदर्शक अभ्रक याचं भावंड. याच्यात लोह जास्त, म्हणून हे काळं.

नाव पडलं फ्रेंच शास्त्रज्ञ झां-बातिस्त बियो यांच्यावरून. अभ्रकातून प्रकाश कसा जातो याचा त्यांनी अभ्यास केला होता, म्हणून 1847 मध्ये हाउसमान या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. आयुर्वेदात अभ्रक भस्मासाठी जो वज्राभ्रक निवडतात तोही काळाच. तो विस्तवात टाकला की फुगत नाही, आवाज करत नाही, अशी त्याची जुनी परीक्षा आहे.

पण आज मला तुम्हाला न्यायचंय सुमात्रा बेटावर. आणि तिथून परत, आपल्या जुन्नर तालुक्यात.

[नकाशा: सुमात्रा, उत्तरेला तोबा सरोवर]

सुमात्राच्या उत्तर भागात हे तोबा सरोवर. लांबी साधारण 100 किलोमीटर, रुंदी 30. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 900 मीटरच्या आसपास आणि खोली काही ठिकाणी 500 मीटरपर्यंत. मधोमध जे बेट दिसतंय ते सामोसिर. म्हणजे बेटावर सरोवर आणि सरोवरात पुन्हा बेट. हे सरोवर म्हणजे जमीन खचून झालेला ज्वालामुखीचा खड्डा आहे, हे डच भूशास्त्रज्ञ व्हान बेमेलन यांनी 1939 मध्ये मांडलं. आणि सामोसिर म्हणजे त्याच खड्ड्याचा तळ, खालच्या शिलारसाने पुन्हा वर ढकललेला. बेटाच्या माथ्यावर सरोवराचा गाळ सापडतो. एकेकाळी जे पाण्याखाली होतं तिथे आज बटाक लोकांची गावं आणि भातशेती आहे.

सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी इथे जो स्फोट झाला तो गेल्या वीस लाख वर्षांतला सगळ्यात मोठा मानतात. बाहेर पडलेला शिलारस घन खडकाच्या हिशेबात मोजला तर किमान 2,800 घन किलोमीटर. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मी एक गणित करून पाहिलं. एवढा खडक साऱ्या महाराष्ट्रावर सारखा पसरला तर गडचिरोलीपासून पालघरपर्यंत 9 मीटर जाडीचा थर होईल. तिमजली घर त्यात बुडेल.

त्या राखेचा आणि प्यूमिसचा, म्हणजे सच्छिद्र हलक्या दगडाचा, जो खडक झाला त्याला टफ म्हणतात. तो हातात घेतला की फिकट, करडा-पांढरा दिसतो. त्यात गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, स्वच्छ दाणे असतात, फेल्डस्पार या फिकट खनिजाचे असतात, आणि मध्ये मध्ये चमकणाऱ्या काळ्या टिकल्या. कडा नीट असतील तर षटकोनी. बोटाने दगड जरा फिरवला की एखादी टिकली आरशासारखी लखकन चमकते आणि पुढच्या क्षणी काळी होते. तेच आपलं कृष्णाभ्रक.

आता तुम्ही म्हणाल, दगड तर आपल्याकडेही ज्वालामुखीचाच आहे, मग सह्याद्रीत या टिकल्या का दिसत नाहीत? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याच्या उत्तरात दोन वेगळ्या ज्वालामुखींची सगळी कहाणी येते.

[एका हातात काळा पाषाण, दुसऱ्या हातात फिकट टफ]

काळं अभ्रक तयार व्हायला शिलारसात दोन गोष्टी लागतात: पोटॅशियम आणि पाणी. हो, पाणीच. अभ्रकाच्या रचनेतच ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या बसलेल्या असतात. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर आला. खूप तापलेला, पातळ, पोटॅशियम कमी आणि पाणीही कमी. त्यात अभ्रक सहसा धरतच नाही. आपल्या कातळाचा काळा रंग पायरॉक्सिन या गडद खनिजाचा आणि लोहाच्या ऑक्साइडांचा आहे.

सुमात्राचं तसं नाही. तिथे हिंदी महासागराचा तळ बेटाच्या खाली सरकत जातो आणि स्वतःच्या खनिजांत मुरलेलं पाणी सोबत घेऊन जातो. खोलवर गेल्यावर ते पाणी सुटतं, वरच्या गरम खडकात शिरतं, आणि खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. त्या शिलारसाची उष्णता वरच्या जुन्या कवचालाही वितळवते. असा शिलारस जमिनीखाली हजारो वर्षं साचत राहतो, हळूहळू निवतो, घट्ट होतो. तोबाच्या शिलारसात सिलिका 68 ते 77 टक्के होती, बेसाल्टमध्ये ती 50 च्या आसपास असते. आणि तापमान 700 ते 780 अंश सेल्सियस. बेसाल्ट 1,100 च्या पुढचा असतो. अशा थंड, चिकट, पाणी मुरलेल्या शिलारसात अभ्रकाचे स्फटिक निवांत वाढतात. मग वरचा दाब सुटला की विरघळलेलं पाणी एकदम वाफ होऊन फुटतं. म्हणजे ज्या पाण्याने अभ्रक घडवलं, त्याच पाण्याने डोंगर उडवला.

ही राख वाऱ्यावर किती दूर जाते? सरोवरापासून पुणे जिल्ह्यापर्यंत सरळ रेषेत सव्वातीन हजार किलोमीटरच्या आसपास. आणि ती तिथे पोचली आहे.

[भिंगाखालचं चित्र: राखेचे कण]

राख म्हणजे चुलीतली नव्हे बरं का. ही काच आहे. शिलारसाच्या फेसातले बुडबुडे फुटले आणि त्यांच्या भिंतींचे तुकडे झाले. हे वाकडे, पातळ, धारदार कण बघा. फुटक्या बांगडीचे तुकडे कसे दिसतात, अगदी तसे. आणि त्यांच्यात हा एक तपकिरी पापुद्रा. हे कृष्णाभ्रक. ते काचेपेक्षा जड असतं, मग इतकं दूर कसं आलं? आकारामुळे. खडा सरळ खाली पडतो, वाळकं पान तरंगत हेलकावत जातं. पापुद्र्याचं तसंच. मोठे पापुद्रे ज्वालामुखीजवळच पडले, बारीक तेवढे वाऱ्याबरोबर भारतात उतरले.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठावर बोरी हे गाव आहे. तिथे नदीच्या गाळात या पांढरट राखेचा थर आहे. आणि त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली, हातकुऱ्हाडी वगैरे. 1980 च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यावर काम केलं. राखेचं वय कळलं तर हत्यारांच्या वयाचा अंदाज येतो, इतकं हे थेट आहे.

पहिल्यांदा पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय निघालं सुमारे 14 लाख वर्षं. केवढी खळबळ! मग काचेचं रसायन तपासलं तर ते तोबाशी जुळलं, आणि 1998 मध्ये एका गटाने मांडलं की भारतातली तोबाची सगळी राख 74-75 हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचीच आहे. 2011 मध्ये दुसऱ्या गटाने बोरी आणि कऱ्हाकाठच्या मोरगावची वयं काढली. ती आली सात-आठ लाख वर्षांच्या घरात. एकच थर, आणि उत्तरं 14 लाख, 74 हजार, 8 लाख!

हा घोळ का होतो ते समजून घेण्यासारखं आहे. तोबा एकदाच फुटला नाही. मोठे स्फोट चार: सुमारे 12 लाख, 8 लाख, 5 लाख आणि 74 हजार वर्षांपूर्वी. शेवटच्या तिघांना आपण थोरला, मधला आणि धाकटा म्हणू. इंग्रजी नावांचाही अर्थ तोच आहे. आता अडचण अशी की थोरल्याची आणि धाकट्याची काच रसायनाने फार सारखी आहे. सख्खे भाऊच ते. काचेला विचारलं तर ती सांगते, "मी तोबाची." कोणत्या तोबाची, ते ठामपणे सांगत नाही.

आणि इथे काळं अभ्रक कामाला येतं. अभ्रकाच्या पापुद्र्यात लोह आणि मॅग्नेशियम एकमेकांची जागा घेऊ शकतात. स्फटिक वाढताना शिलारसाचं तापमान, त्यातलं पाणी, त्याची घडण जशी असेल तसं या दोघांचं प्रमाण ठरतं. 2011 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकेका पापुद्र्यावर इलेक्ट्रॉनची बारीक शलाका टाकून ते प्रमाण मोजलं, आणि काचेला जे भाऊ वेगळे सांगता येत नव्हते ते अभ्रकाने वेगळे सांगितले. आंध्र प्रदेशात कर्नूलकडे ज्वालापुरम आहे. तिथला राखेचा थर काही ठिकाणी अडीच मीटर जाड, आणि त्याच्या खाली आणि वर, दोन्हीकडे दगडी हत्यारं. तिथल्या राखेतलं अभ्रक धाकट्या तोबाशी जुळलं. म्हणजे तिथली माणसं त्या राखेच्या आधीही होती आणि नंतरही.

वयाच्या मोजणीतही अभ्रक लागतं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. त्यातला पोटॅशियम-40, म्हणजे पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार, हळूहळू फुटतो आणि काही भागाचा आर्गॉन वायू होतो. अर्धा व्हायला 125 कोटी वर्षं. तो वायू स्फटिकात अडकून राहतो, तो मोजायचा. पण अभ्रक नाजूक आहे. पावसापाण्यात त्याचं पोटॅशियम निघून जातं, काळा पापुद्रा सोनेरी होतो. ओढ्याच्या वाळूत चमकणारं "सोनं" पुष्कळदा हेच. शिवाय नदीने राख वाहून आणताना जुन्या खडकाचे कण त्यात मिसळले तर वय फुगतं. म्हणून मूठभर राख एकत्र भाजून तो वायू काढण्यापेक्षा एकेक कण निवडून तपासणं बरं.

मला विचाराल तर बोरीच्या बाबतीत माझं मन आठ लाखांकडे झुकतं. त्या हातकुऱ्हाडींची घडण जुनी आहे, आणि नव्या मोजण्या अधिक काटेकोर आहेत. पण तिथल्या थराथरातून वेचलेले अभ्रकाचे पापुद्रे ज्वालापुरमसारखेच एकेक करून मोजलेले बघायला मला मनापासून आवडेल.

एक मिलिमीटर जाड पापुद्र्यात साधारण दहा लाख पदर असतात, एकावर एक. भिंगाखाली मला तर एकच काळी टिकली दिसते.

आणि कुणी बोरीला गेलात तर एक विनंती. थर बघा, फोटो काढा, जवळ बसा. पण आठवण म्हणून राख उकरून आणू नका. कोणत्या थरातून, किती खोलीवरून आली हे माहीत असेल तरच ती राख काही सांगते. पिशवीत घातली की ती नुसती पांढरी पूड.

[सुईच्या टोकावर काळा पापुद्रा, कॅमेरा त्यावर स्थिर]